व्ह्यूचा दाखला

दोनशे दोनच्या बाईंनी बाल्कनीचं दार मोठ्या हौसेने सरकवलं, आणि समोर समुद्राच्या जागी त्यांना एक ओली चादर दिसली. चादरीशेजारी दोन उशांचे अभ्रे, एक बनियन, आणि या सगळ्यामागे काळी पडलेली पाण्याची टाकी. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चादर तिथेच होती.

"समुद्र कुठाय?" त्यांनी विचारलं.

सेल्सवाल्या मॅडम किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे उभ्या होत्या. या प्रश्नाची त्यांना सवय नव्हती. इमारत बांधून होईपर्यंत समुद्र कुठाय असं कोणी विचारत नाही, फोटोत असतो.

"आहे ना मॅडम, इथेच आहे. मागे आहे."

"कशाच्या मागे?"

"चादरीच्या," सेल्सवाल्या मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच ओशाळल्या.

ती चादर ज्याच्या पलंगावरची होती तो माणूस त्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून, ताबा द्यायची कागदपत्रं छातीशी धरून उभा होता. तो कंपनीचा ड्राफ्ट्समन. चादरीवरचा इस्त्रीचा तपकिरी डाग त्याने लांबूनही ओळखला, कारण तो डाग त्यानेच पाडला होता. दोन वर्षं हा माणूस ज्या दिवसाची वाट न बघता जगत होता, तो दिवस दार सरकवून आत आला होता.

आता हे कसं घडलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की समुद्राच्या आड उभं असलेलं, चादर वाळत घातलेलं एवढं मोठं घर कोणाच्या डोळ्यांना कसं दिसलं नाही. दिसत होतं हो, सगळ्यांना दिसत होतं. गवंडी रोज त्याच घरी पाणी प्यायला जात. पण गवंड्यांना कोण विचारतं?

समुद्रकाठी फ्लॅट विकायचे तर व्ह्यू आधी विकावा लागतो, इमारत नंतर. म्हणून कंपनीने एक पद्धत काढली होती. मोकळ्या प्लॉटवर बांबूंची परांची उभारायची, ज्या उंचीवर ज्याची बाल्कनी येणार त्या उंचीवर एका माणसाला चढवायचं, आणि त्याने तिथून समोरचा फोटो काढायचा. तो फोटो करारनाम्याला जोडायचा. त्याखाली उंची, दिशा, तारीख आणि एक ओळ: 'मी या ठिकाणी स्वतः उभा राहून हे छायाचित्र काढले आहे.' याला ऑफिसात 'व्ह्यूचा दाखला' म्हणत. प्रत्येक मजल्यावर तीन, असे तीन मजल्यांचे नऊ दाखले. नऊही दाखल्यांवर सही ड्राफ्ट्समनची.

परांचीवर तो चढला होता, हे खोटं नाही. चौथ्या बांबूपर्यंत चढला. तिथे त्याला घेरी आली, आणि तो इतक्या घट्ट बांबूला मिठी मारून बसला की उतरवायला दोघे लागले. साहेबांना सांगावं तर साहेब म्हणणार, ज्याला दहा फूट चढता येत नाही तो तीन मजल्यांचे नकाशे काय काढणार? तेव्हा तो गुपचूप घरी गेला. घर लांब नव्हतंच. प्लॉट आणि समुद्र यांच्या मध्ये जे एकमेव घर होतं, ते त्याचंच होतं.

त्याचे बाबा होड्या बांधत. अख्खी होडी डोलकाठीसकट आत मावावी म्हणून त्यांनी घर बांधलं तेच लांबलचक आणि उंच, खाली शेड, मागे दोन खोल्या, वर एकसलग गच्ची. त्या गच्चीवर ड्राफ्ट्समनला कधी घेरी येत नसे. लहानपणापासूनचा कठडा, लहानपणापासूनची टाकी. दुसऱ्या मजल्याचे फोटो त्याने आरामात उभ्याउभ्या काढले. पहिल्या मजल्यासाठी जळमटं काढायच्या काठीला मोबाईल बांधून तो कठड्यावरून खाली सोडला, आणि तिसऱ्यासाठी तीच काठी वर धरली. काठी धरायला बाबा होते.

"अजून वर?" बाबा विचारत.

"अजून थोडी, बाबा. तीनशे तीन राहिलंय."

"त्यांना इतक्या उंचावरून समुद्र कशाला लागतो? खाली येऊन पाय बुडवले तर काय होईल?"

फोटो फार सुंदर आले. साहेब म्हणाले, "वा! मध्ये काही म्हणजे काही नाही!" काही असणार कसं? मध्ये जे होतं त्याच्यावरच तर फोटोवाला उभा होता.

मग माहितीपत्रकाचा नकाशा रंगवायची वेळ आली. सेल्सवाल्या मॅडम म्हणाल्या, "आपल्या हद्दीबाहेरचं काय काय दाखवत बसता? हद्द संपली की समुद्र सुरू करा." ड्राफ्ट्समनने हद्द संपल्यावर निळा रंग सुरू केला. त्याच्या स्वयंपाकघरावरून, बाबांच्या शेडवरून, बायकोने कुंडीत लावलेल्या मिरचीवरून त्याने स्वतःच्या हाताने निळा रंग फिरवला. त्या दिवशी जेवताना त्याने घरची मिरची ताटातून बाजूला काढून ठेवली. पण पगाराची नोकरी होती, आणि असल्या नोकरीत माणूस बऱ्याच गोष्टींवरून रंग फिरवतो.

तर अशी ती चादर. दोनशे दोनच्या बाईंनी तीस वर्षं शाळा चालवली होती, मुख्याध्यापिका म्हणून. त्यांनी आवाज चढवला नाही. पर्समधून दाखला काढला, समोर धरला, एकदा फोटो पाहिला, एकदा चादर.

"या फोटोत हे घर नाही."

"नाहीच आहे," सेल्सवाल्या मॅडम घाईघाईने म्हणाल्या.

"मग हे घर कुठून आलं?"

यावर सेल्सवाल्या मॅडम ड्राफ्ट्समनकडे बघायला लागल्या. ड्राफ्ट्समन फरशीकडे बघायला लागला. फरशी चांगली बसली होती.

दुपारपर्यंत नऊच्या नऊ फ्लॅटवाले जमा झाले. पहिल्या मजल्यावरून नुसती भिंत दिसत होती. दुसऱ्यावरून कपडे. तिसऱ्यावरून टाकीच्या दोन बाजूंना समुद्राच्या दोन चिरा दिसत होत्या, त्यासाठी मान वाकडी करावी लागे. एकशे एकमधले गृहस्थ ओरडत होते. तीनशे तीन मात्र ओरडत नव्हते. ते एकटे राहणारे, वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या दाखल्यातल्या फोटोत खालच्या कोपऱ्यात एक पक्षी होता, पंख पसरून समुद्राकडे निघालेला. त्या पक्ष्यासाठीच त्यांनी हा फ्लॅट घेतला होता. फोटो मोठा करून, चौकट करून त्यांनी बरोबर आणला होता, आणि भिंतीवर खिळा कुठे ठोकावा हे ते सगळ्यांना विचारत होते.

संध्याकाळी साहेब आले, बरोबर कंपनीचे वकील. वकिलांनी दाखले चाळले, घराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सोपं आहे, साहेब. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत घर नाही. फोटो खरा आहे, कारण त्यावर आपल्याच माणसाची सही आहे. मग खोटं काय? घर."

"म्हणजे?"

"म्हणजे हे घर फोटोनंतर बांधलंय. समुद्रकाठी, बिनपरवाना. पाडता येईल."

ड्राफ्ट्समनच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला. "साहेब, घर... जुनं दिसतंय हो. टाकी किती काळी झालीय बघा."

"खाऱ्या हवेत दोन वर्षांत काळी होते," वकील म्हणाले. "तुम्हीच तर उभे होता ना परांचीवर? तेव्हा होतं का हे घर?"

हा खरं सांगायचा क्षण होता. चांगला ऐसपैस क्षण होता, सगळे त्याच्याकडे बघत होते. ड्राफ्ट्समनने तोंड उघडलं आणि तो म्हणाला, "धुकं होतं."

"धुक्यात फोटो इतका स्वच्छ येत नाही. घर नव्हतंच," वकिलांनी लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस तयार झाली, आणि ती पोचवायचं काम आलं ड्राफ्ट्समनकडेच. साहेब म्हणाले, "तुम्ही इकडचेच ना? तुम्हाला ओळखत असतील." ओळखत होते.

बाबा शेडमध्ये एका फळीला रंधा मारत होते. ड्राफ्ट्समनने नोटीस पुढे केली.

"काय आहे?"

"नोटीस. कंपनीची. पंधरवड्यात सरकारी तपासनीस येऊन बघणार, मग घर पाडायचं ठरणार."

"कोणाच्या नावाने आहे?"

"'अज्ञात बांधकामधारक.'"

"मग मी कशाला घेऊ? मला नाव आहे," बाबा म्हणाले आणि रंधा मारायला लागले.

"बाबा, घ्या ना हो. पोच हवी मला."

बायको हात पुसत बाहेर आली. तिने नोटीस दोनदा वाचली. तिचा चेहरा बघून ड्राफ्ट्समनला वाटलं, परांची परवडली.

"घर दोन वर्षांपूर्वी नव्हतं म्हणे! मी लग्न होऊन आले ती काय वाळूत राहत होते? घरपट्टीच्या पावत्या आहेत डब्यात, चाळीस वर्षांच्या!"

"वकिलांना विचारलं मी आडून आडून. ते म्हणतात, पावत्या असतील, पण त्या याच घराच्या कशावरून? जुनं घर पलीकडे असेल, पाडून इकडे सरकवलं असेल."

"जन्मभर होड्या ढकलल्या मी," बाबा म्हणाले. "घर कधी ढकललं नाही."

"आणि त्या फोटोंवर सही कोणाची आहे?" बायकोने विचारलं.

रंधा थांबला.

"सूनबाई, काठी मी धरली होती," बाबा हळूच म्हणाले.

"काठी धरणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही, बाबा. सही करणाऱ्याला विचारतेय मी." ती नवऱ्याकडे वळली. "खरं सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर घर. ठरवा तुमचं तुम्ही. मी चादरी वाळत घालायला चाललेय."

आणि त्या दिवशी तिने घरातली होती नव्हती ती प्रत्येक चादर धुतली.

पुढचे चौदा दिवस ड्राफ्ट्समन कसा जगला ते सांगण्यासारखं नाही. ऑफिसात बसून तो स्वतःच्या घराच्या पाडकामाचा नकाशा काढत होता. शेडची लांबी त्याला पाठ होती, तरी वकिलांना संशय येऊ नये म्हणून तो टेप घेऊन घरी मापं काढायला गेला. बाबांनी टेपचं दुसरं टोक धरलं. चेहऱ्यावर काही नाही, सवयीने धरलं. "घट्ट ओढ," म्हणाले, "झोळ पडतोय." ड्राफ्ट्समनला तिथेच रडू आलं. टेप हातात घेऊन रडायलाही जमत नाही धड, तो सुटून खाडकन आत जातो.

तपासनीस आले ते दम लागलेलेच आले, आणि गच्चीवर चढल्यावर कठड्याला टेकून बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. पाठोपाठ साहेब, वकील, सेल्सवाल्या मॅडम आणि नऊ फ्लॅटवाले. बाबा टाकीपाशी उभे. बायकोने मुद्दाम एकही चादर काढली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना वाकून वाकून पुढे यावं लागलं.

"हे घर छायाचित्रानंतरचं आहे," वकिलांनी सुरुवात केली. "आमच्या कर्मचाऱ्याचा लेखी दाखला आहे. नऊ आहेत."

"कर्मचारी कोण?" तपासनीसांनी विचारलं.

ड्राफ्ट्समन पुढे झाला. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा समुद्राकडे बघत होते, जणू या सगळ्याशी त्यांचा संबंध नाही.

"मी परांचीवर चढलोच नव्हतो," तो एका दमात म्हणाला. "मला घेरी येते. हे सगळे फोटो मी इथूनच काढलेत, या गच्चीवरून. घर माझं आहे, माझ्या बाबांनी बांधलंय, चाळीस वर्षं झाली. मी खोटी सही केली. घर खरं आहे, साहेब. मी खोटा आहे."

ड्राफ्ट्समनला हलकं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते हलकं वाटणं साधारण तेवढंच टिकलं जेवढा वेळ वकिलांना घसा साफ करायला लागतो.

"घर यांचं आहे म्हणे," वकील म्हणाले. "म्हणजे घर वाचवायला हे खोटं बोलणारच. नोंद घ्यावी."

तपासनीस त्रासले. "हे बघा, एक तर तुम्ही तेव्हा खोटं बोललात, नाही तर आत्ता बोलताय. मी लिहू कुठलं?"

"तेव्हा खोटं बोललो असं लिहा," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"तेव्हाच्यावर तुमची सही आहे. आत्ताच्यावर आहे का?"

"करतो ना आत्ता सही!"

"तुमच्या सहीवर विश्वास ठेवू नये, असं आत्ता तुम्हीच सांगितलंत," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी वहीत काही न लिहिता पेन बंद केलं.

ड्राफ्ट्समन मटकन खाली बसला. आयुष्यात एकदाच खरं बोलला, आणि तेही कोणी घेईना.

तेवढ्यात बाबा हलले. त्यांनी टाकीमागून जळमटांची काठी काढली आणि तीनशे तीनपुढे हात केला. "तो फोटो जरा द्या बघू. तुमचा, चौकटीतला."

तीनशे तीननी चौकट छातीशी धरली होती ती नाइलाजाने दिली. बाबांनी कोपऱ्यातल्या पक्ष्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाई, त्या वरच्या तारेला टोकाशी एक चिमटा लाव. कपडा नको, नुसता चिमटा. उघडा, आडवा."

तिने लावला. बाबांनी मुलाचा मोबाईल काठीला बांधला, काठी वर केली, आणि दोन वर्षांपूर्वीसारखंच विचारलं, "अजून वर?"

"अजून थोडी, बाबा," ड्राफ्ट्समन खाली बसल्याबसल्याच म्हणाला.

फोटो निघाला. तपासनीसांनी मोबाईल एका हातात घेतला, चौकट दुसऱ्या हातात. तोच समुद्र, तीच क्षितिजाची रेघ, आणि खालच्या कोपऱ्यात तोच पक्षी, पंख पसरून समुद्राकडे निघालेला.

"कपड्यांचा चिमटा आहे," तपासनीस म्हणाले.

तीनशे तीननी चौकट परत घेतली. "दोन वर्षं मी रोज सकाळी याच्याशी बोलतोय," ते म्हणाले. एकशे एकसुद्धा ओरडले नाहीत.

"ठीक आहे, घर जुनं आहे," साहेब चिडून म्हणाले. "मग घर विकत घेतो, पाडतो, आणि पुढे वाळूत कॉटेजेस बांधतो. म्हाताऱ्याला म्हणावं, बोल काय ते!"

"एक मिनिट," दोनशे दोनच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून करारनामा काढला होता आणि अकराव्या पानावर बोट ठेवलं होतं. "'सोबतच्या छायाचित्रातील दृश्य ज्या जागेवरून टिपले आहे, त्याच जागेवरून ते कायम व विनाअडथळा पाहण्याचा खरेदीदारास हक्क राहील.' हे वाक्य कोणी लिहिलंय?"

"मी," वकील अभिमानाने म्हणाले. मग त्यांनी मान वळवून पायाखालच्या गच्चीकडे पाहिलं, आणि त्यांचा रंग उतरला.

"त्याच जागेवरून," बाई पुन्हा म्हणाल्या, तीस वर्षांच्या सवयीने शब्द तोडत. "म्हणजे ही जागा पडता कामा नये. आणि हिच्यापुढे काही उभं राहता कामा नये. तुम्ही पुढच्या वाळूत कॉटेजेस बांधणार होतात ना? विसरा."

साहेबांनी तिथेच डोकं धरलं. नऊ फ्लॅट परत घेणं त्यांना झेपणारं नव्हतं. महिन्याभरात नवा करार झाला. घराला कोणी हात लावायचा नाही, पुढे वाळूत वीटही ठेवायची नाही, हे कायमचं. बदल्यात नऊ फ्लॅटवाल्यांनी रोज चार ते सात गच्चीवर बसून आपापला व्ह्यू पाहायचा. बाबांनी सही केली, स्वतःच्या नावाने. ड्राफ्ट्समनची नोकरीही वाचली. या व्यवस्थेवर लक्ष ठेवायला कंपनीला एक माणूस लागणारच होता, आणि तो घरचाच मिळत होता.

त्या काठावर आता तेवढं एकच घर असं आहे, ज्याच्यासमोरचा समुद्र कोणी अडवू शकत नाही. लोक म्हणतात, नशीब काढलंन. नशीब रोज दुपारी साडेतीनला गच्ची झाडतं, नऊ खुर्च्या मांडतं, बाबांसाठी दहावी मांडतं. बाबांना अख्ख्या आयुष्यात इतके ऐकणारे मिळाले नव्हते. ते वारा कसा ओळखायचा ते समजावून सांगतात आणि दोनशे दोनच्या बाई त्यांच्या चुका काढतात. गच्चीवर कपडे वाळत घालायला कायमची बंदी आहे. बायको चादरी दोनशे दोनच्या बाल्कनीत वाळत घालते, तिथे ऊन चांगलं येतं. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलते, आणि कामं पुष्कळ आहेत.

एके दिवशी ड्राफ्ट्समनने अशाच खुर्च्या मांडल्या, मंडळी बसली. मग नेहमीप्रमाणे तो वरच्या तारेकडे गेला आणि खिशातून चिमटा काढून टोकाशी लावला. हे नव्या करारात आठवं कलम आहे, तीनशे तीनसाठी.

"थोडा डावीकडे," तीनशे तीन म्हणाले.

त्याने सरकवला.

"हां. आता बसला." ते पक्ष्याकडे बघून हसले. "काय म्हणतोस?"

ड्राफ्ट्समन वळला. ऊन कललं होतं. लांब एक होडी निघाली होती, बाबांनीच कधीतरी बांधलेली असावी तशी. किती दिवसांत त्याने स्वतःच्या गच्चीवरून समुद्र पाहिला नव्हता. तो कठड्याशी उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा, दोन्ही हात टेकून.

"अहो, ड्राफ्ट्समन!" एकशे एक ओरडले. "बाजूला!"

"दिसत नाहीये!" मागून दोघेतिघे म्हणाले.

त्याने वळून दहाव्या खुर्चीकडे पाहिलं. आपला माणूस काहीतरी म्हणेल, या आशेने.

बाबांनी मान वाकडी करून त्याच्या अंगावरून पलीकडे बघायचा प्रयत्न केला. "अरे, सरक की जरा," ते म्हणाले. "व्ह्यू अडतोय."